झेफ्रिनचं प्रेशर

३ मार्च, गुरुवार

नर्स ओडेटने आज प्रेशर मोजायचं यंत्र आणि एक छापील तक्ता दिला. रोज सकाळी नवऱ्याचं प्रेशर मोजायचं आणि तारखेपुढच्या चौकोनात आकडा लिहायचा. चौकोन एवढासा, आकडाच कसाबसा मावतो. बाकीचं कुठे लिहायचं? म्हणून शाळेतली उरलेली ही वही काढली. तक्ता नर्सचा, वही माझी.

आजचा आकडा १७८ वर १०४.

झेफ्रिन दवाखान्यात यायलाच तयार नव्हता. सोमवारी तो बांधत असलेल्या बोटीवर फळी ठोकताना नाकातून रक्त आलं, ते त्याने बाहीला पुसलं आणि मला सांगितलं की रंग लागला. बोट पांढरी, मग लाल रंग आणला कुठून? माझा धाकटा भाऊ डेन्झिल त्याच्याबरोबर कामाला असतो. त्याला दरडावून विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं.

डॉक्टर दर गुरुवारी ग्रेनाडाहून बोटीने आमच्या बेटावर येतात. त्यांनी दोन गोळ्या दिल्या, एक लघवीची आणि एक गुलाबी. बाकीचं ओडेटने समजावलं. शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेली पोर, पण आज मला बाकावर बसवून शिकवत होती. "मीठ कमी करा. उठताना हळू उठवा. चक्कर आली, आकडा शंभराच्या खाली गेला, तर मला लगेच सांगा. आणि बाई, झाडपाला काही देत नाही ना?"

"मी शिकलेली बाई आहे गं," मी म्हटलं. आजच्या तारखेला ते खरं होतं.

शंभराच्या खाली गेला तर सांगा म्हणे. १७८ वर बसलेल्या माणसाबद्दल बोलतेय ही. खालची काळजी कशाला? आमच्या घरात प्रेशर वर चढतं. पप्पांचं चढलं. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात नाचता नाचता ते खाली बसले आणि पुन्हा आपल्या पायांवर उठले नाहीत. चार वर्षं मी त्यांना चमच्याने भरवलं. शाळेतून येऊन कूस बदलायची, तोंड पुसायचं. शेवटी ते मला ओळखत होते की नाही, हेही मला सांगता येत नाही. ते मी पुन्हा करू शकेन, पण झेफ्रिनला तसं पडलेलं बघू शकणार नाही.

६ मार्च, रविवार

१७४ वर १००. तीन दिवस गोळ्या घेऊन चार अंक उतरले. या वेगाने पोरं पहिलीतच म्हातारी होतील.

चर्चहून येताना शेजारची उर्सिला बरोबर होती. तिच्या बर्ट्रंडलाही प्रेशर आहे. ती म्हणाली, "गोळ्यांच्या भरवशावर बसू नकोस इस्मे. नीरफणसाची तीन पानं घे, पिवळी, आपोआप गळलेली. झाडावरची तोडून घेतलीस तर गुण येत नाही. पाणी अर्धं होईस्तोवर उकळायचं. माझा बर्ट्रंड बघ, कोकरासारखा झालाय."

झेफ्रिन पाल्याच्या काढ्याला बकरीचं जेवण म्हणतो. तोंडाला लावणार नाही. पण संध्याकाळचा कोको तो कधी चुकवत नाही. आज कोको त्या पाण्यात केला, वरून जायफळ जास्त किसलं. गप प्यायला. कप परत देताना माझ्याकडे जरा बघितलं.

९ मार्च, ॲश वेन्सडे

चर्चहून कपाळाला राख लावून आलो, ईस्टरपर्यंतचे उपास सुरू झाले, आणि मी जाहीर केलं की आजपासून त्याच्या ताटात मीठ नाही. खारवलेला मासा बंद. तुरीचे दाणे आणि मक्याच्या पिठाचं घोटलेलं कुकू, तेही अळणी.

त्याने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "अगं, हे पूर्वजांचं ताट चुकून माझ्यापुढे आलं की काय?"

आमच्याकडे मेलेल्यांसाठी वाढतात ते जेवण बिनमिठाचं असतं. मीठ लागलं की ते जेवत नाहीत. मी म्हटलं, असलं अभद्र बोलू नकोस.

"अभद्र मी बोलतोय? तू वाढतेयस," तो म्हणाला. पण जेवला. डेन्झिल दारातून हसत होता, त्याला मी तीन दिवस कॉफी देणार नाही.

१४ मार्च, सोमवार

१५० वर ९०. मला झोप लागायला लागली आहे. गोळ्यांमुळे की पानांमुळे, देव जाणे. दोन्हींमुळे म्हणू.

१७ मार्च, गुरुवार

दवाखाना. १४२ वर ८८. ओडेट खूश. सगळं विचारून झाल्यावर तिने पुन्हा तेच विचारलं, "झाडपाला नाही ना?"

"नाही."

छत्तीस वर्षं मी पोरांना खोटं बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं केलं. ओडेटलाही एकदा केलं होतं, खडूवरून. आज तिच्या तोंडावर मी इतकं सरळ खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बंद करा. बंद केलं असतं तर आकडा चढला असता. मग झेफ्रिन कुठल्या पलंगावर, आणि चमचा कोणाच्या हातात, हे ओडेटला दिसत नाही. मला दिसतं.

२२ मार्च, मंगळवार

१२८ वर ८०! परीक्षेतला असा निकाल मी वर्गात वाचून दाखवला असता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे पास ना? मग आता खारवलेला मासा दे."

दिला नाही.

३१ मार्च, गुरुवार

दवाखाना. ११६ वर ७०. ओडेटने झेफ्रिनला विचारलं, "चक्कर वगैरे?" त्याच्याआधी मीच बोलले, "कसली चक्कर? धडधाकट आहे." झेफ्रिन छताकडे बघत बसला.

परवा बुटाची नाडी बांधून उठताना तो भिंतीला धरून उभा राहिला होता, हे खरं आहे. पण उपासाचे दिवस आहेत, सत्तरीचा माणूस उन्हात लाकूड तासायचा वाकस चालवतो, थोडं डोळ्यांपुढे अंधारणारच. मलाही अंधारतं कधीकधी. त्याचा बाऊ करायचा नसतो.

५ एप्रिल, मंगळवार

१०४ वर ६२. उत्तम.

डेन्झिल संध्याकाळी मागच्या दाराने आला, म्हणजे काहीतरी चुगली होती. "ताई, दाजी आज बोटीखाली बसून राहिले. मी हाका मारल्या तर म्हणे, बोटीचा कणा तपासतोय. तासभर कोणी कणा तपासतं का? घामाने भिजलेले, हात बर्फासारखा."

मी त्याला झापलं. त्या माणसाची शेवटची बोट आहे, त्याने स्वतःच सांगितलंय की यानंतर वाकस खुंटीला. कण्यापाशी बसावंसं नाही का वाटणार? डेन्झिलला बोटीतलं कळतं, माणसातलं नाही.

तरी रात्री झेफ्रिनचा हात धरून बघितला. गार होता खरा. पांघरूण घातलं.

११ एप्रिल, सोमवार

आज सकाळी यंत्राने १२६ दाखवलं! काल रविवारी डेन्झिलकडे जेवण होतं, तिथे या माणसाने खारवलेल्या माशाचा डोंगर खाल्ला असणार. विचारलं तर म्हणाला, "खाल्ला. आणि महिन्याभरात पहिल्यांदा माणसासारखं वाटलं."

माणसासारखं वाटलं म्हणे! पप्पांनाही त्या लग्नात फार बरं वाटत होतं.

आजपासून पाच पानं.

१५ एप्रिल, शुक्रवार

९६ वर ५८. बोट पाण्यात सोडायला पंधरा दिवस राहिले.

काल दवाखान्यात त्याला नेलं नाही. एकटीच गेले आणि सांगितलं की कामात आहे. तक्ता तेवढा दिला. तो देण्याआधी मी काय केलं, ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? दोन चौकोनांत ९ चा ११ केला. ९८ चे ११८, ९४ चे ११४. निळ्याच शाईने, सुवाच्य अक्षरात. मी आयुष्यात एकाही मुलाचा एक मार्क वाढवला नाही. पाद्रीबाबांच्या पुतण्याचाही नाही.

ओडेटने खरे आकडे बघितले असते तर गोळ्या कमी केल्या असत्या. नेमक्या आत्ता! त्या दिवशी सगळा गाव जमणार, ढोल, रम, आरडाओरडा, आणि मध्ये उभा राहून तो ओरडणार. रक्त चढणार नाही तर काय होईल? आधीच खाली आणून ठेवलेलं असलं की चढायला जागा राहते. एवढा साधा हिशोब आहे. बोट पाण्यात गेली की मी ओडेटला सगळं सांगेन. तेवढे पंधरा दिवस मला द्या.

२४ एप्रिल, ईस्टर

प्रार्थनेत गुडघे टेकून उठताना झेफ्रिन पुढच्या बाकावर कोसळता कोसळता वाचला. उर्सिलाने धरलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "इस्मे, मला काही ठीक वाटत नाही. डोक्यात पाणी भरल्यासारखं होतंय. पायांखालची जमीन मऊ लागते."

असं तो कधी म्हणत नाही. बोट डोक्यावर पडली तरी म्हणणार नाही. मी फार घाबरले. डोकं म्हटलं की मला पप्पाच आठवतात. घरी आल्याबरोबर मोजलं, ९२ वर ५४. चला, म्हणजे प्रेशरचं काही नाही. जिवात जीव आला.

"मग काय आहे?" तो म्हणाला.

"वय आहे," मी म्हटलं. "आणि दगदग."

"अस्सं," म्हणाला आणि कोको मागितला.

२६ एप्रिल, मंगळवार

बोट बघून आले. अडतीस फूट, पांढरी, निळी कड. शेजारच्या पेटिट मार्टिनिक बेटावरच्या माणसासाठी आहे, तो दिवसातून दोनदा येऊन तिच्या पोटावर हात फिरवतो. दोन्ही बाजूंना टेकूचे खांब लावून उभी केली आहे. शनिवारी एका बाजूचे खांब एकेक करून कुऱ्हाडीने तोडायचे, म्हणजे ती हळूहळू कलत कुशीवर झोपते, मग खालून ओंडके आणि दोर लावून सगळा गाव तिला पाण्यात ओढतो. कुठला खांब आधी, कुठला नंतर, किती थांबायचं, हे बांधणारा सांगतो. फक्त तोच. त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या शब्दावर कुऱ्हाड हलत नाही. एक खांब चुकला तर ती धाडकन पडते, फळ्या फुटतात, माणसंही जातात.

झेफ्रिनने बेचाळीस बोटी अशा निजवल्या. एकीलाही ओरखडा नाही.

२९ एप्रिल, शुक्रवार

९० वर ५४. उद्या. त्याला म्हटलं, खुर्चीवर बसून सांग ना. म्हणाला, "कलणारी बोट बसून कशी दिसेल?" सकाळी जाण्याआधी एक कप कोको जास्तीचा देणार आहे. सात पानं. उद्याचा दिवस पार पडू दे देवा, बाकी मी काही मागत नाही.

१ मे, रविवार

काल काय झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी पाद्रीबाबांनी बोटीवर पाणी शिंपडलं, मालकाने रम शिंपडली. पुढच्या टोकाला बोकड कापला, मागे मेंढा, प्रथेप्रमाणे. ढोल सुरू झाले. झेफ्रिनने पांढरा सदरा घातला होता. पहिला खांब त्याने हात वर करून सांगितला, कुऱ्हाडी पडल्या, बोट जराशी कण्हली. दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी तो वाकून कण्याखालची वाळू बघायचा आणि उठून पुढचा खांब दाखवायचा.

तिसऱ्यानंतर वाकला तो उठलाच नाही. म्हणजे अर्धा उठला, हात हवेत गेला, आणि जिकडे बोट कलणार होती त्या बाजूला आत घरंगळला. कुऱ्हाडवाले दुसऱ्या टोकाला. त्यांना फक्त वर गेलेला हात दिसला. त्यांना वाटलं, चौथा.

मी ओरडले. "कुऱ्हाड थांबवा!"

तो माझा शाळेतला आवाज होता. कुठून आला कोण जाणे, सहा वर्षांत वापरला नव्हता. तिथला प्रत्येक कुऱ्हाडवाला माझ्या वर्गात बसलेला आहे. एकाची कुऱ्हाड डोक्यावर गेली होती, तशीच थांबली. ढोलही थांबले. डेन्झिल पोटावर सरपटत आत गेला आणि त्याने झेफ्रिनला पायांना धरून ओढून काढलं.

तोंड मेणासारखं. ओठ पांढरे. मी त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी दाबून बघत होते, पप्पांसारखी कुठली बाजू लोंबते, कुठली बाजू लोंबते. लोंबत नव्हती. ओडेट धावत आली, तिने मला बाजूला केलं, त्याचे पाय खिळ्यांच्या खोक्यावर उंच ठेवले आणि दंडाला यंत्राचा पट्टा बांधला. ७० वर ४०.

तिने तो आकडा दोनदा बघितला. मग माझ्याकडे. "बाई, तुमच्या तक्त्यात तर ११४ होतं. यांनी दुसरं काय घेतलंय? खरं सांगा."

सगळा गाव भोवती होता. उर्सिला, पाद्रीबाबा, मालक, माझे सगळे विद्यार्थी. माझं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

झेफ्रिनने डोळे उघडले. "पानं," तो म्हणाला. "नीरफणसाची. मीच उकळून प्यायचो, बोटीवर. तिला काय माहीत? तिला सांगायचं नाही हां, ओरडेल."

लोक हसले. सुटका झाल्यासारखे हसले. आणि मी, इस्मे, मुख्याध्यापिका, मी मान खाली घातली आणि त्याला खोटं बोलू दिलं.

हॉस्पिटलची गाडी यायला अर्धा तास होता. बोट तीन खांब तुटलेल्या अवस्थेत करकरत होती, वारा वाढत होता, तिला तशी ठेवणं शक्य नव्हतं. डेन्झिल म्हणाला, मी सांगतो. झेफ्रिन पडल्या पडल्या म्हणाला, "तू डावा-उजवा गोंधळतोस." मग माझ्याकडे बघितलं. "मी सांगतो, इस्मे ओरडेल."

मालक म्हणाला, "बाईमाणसाच्या शब्दावर?"

"शब्द माझे. आवाज तिचा," झेफ्रिन म्हणाला. "आणि आवाज चालतो, बघितलंस ना आत्ता."

मी त्याच्या तोंडाला कान लावून बसले. तो कुजबुजायचा, मी ओरडायचे. चौथा, मागचा. थांबा. वाळू बघा. पाचवा. त्याचा श्वास माझ्या कानाला गार लागत होता. सहाव्याला बोट हळूच कलली आणि ओंडक्यांवर निजली, एक फळी वाजली नाही. लोकांनी आरोळी ठोकली आणि तिला पाण्यात ओढलं. मी रडत होते आणि सगळ्यांना वाटलं आनंदाने.

रात्री हॉस्पिटलमध्ये त्याला सलाईन लावलं. आज पाद्रीबाबांनी प्रवचनात माझं नाव घेतलं. बाईंच्या आवाजाने एक जीव वाचला म्हणाले. चर्चच्या दारात बायकांनी माझे हात हातात घेतले. मला माझे ते हात तोडून टाकावेसे वाटले.

२ मे, सोमवार

झेफ्रिन घरी आला. लघवीची गोळी बंद, गुलाबी अर्धी, मीठ बेताने पण खायचं. सकाळी ११८ वर ७४. हा आकडा खरा आहे.

त्याला पानांचं कसं कळलं, विचारायचं धाडस होत नाही. संध्याकाळी मी साध्या पाण्यात कोको केला. त्याने एक घोट घेतला, कपात बघितलं, आणि सगळा प्यायला.

५ मे, गुरुवार

दवाखान्यात बाकावर आम्ही सात बायका होतो. उर्सिलाने मला जागा करून दिली आणि पलीकडच्या बाईला सांगितलं, "ही बघ, हिने वाचवलं नवऱ्याला." ओडेट दार उघडून म्हणाली, "बाई, तुम्ही आत या आधी."

आत जाऊन सांगितलं असतं तर ते बंद दाराआडच राहिलं असतं. मी उभी राहिले आणि तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. पानं त्याने उकळली नाहीत, मी उकळली. आधी तीन, मग पाच, त्या सकाळी सात. कोकोत लपवून. तुझ्या तक्त्यात ९ चा ११ मी केला. तू विचारत राहिलीस आणि मी खोटं बोलत राहिले. तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी बोलू दिलं.

ओडेटचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, ही आता मला कोपऱ्यात उभं करणार, आणि केलंच पाहिजे.

मग उर्सिला बारीक आवाजात म्हणाली, "पण मीही देते. बर्ट्रंडला. गोळीबरोबरच."

"मी पण," खिडकीजवळची म्हणाली. "मी मात्र सोरसॉपची देते."

"माझी सासू देते त्यांना. मी बघून न बघितल्यासारखं करते."

सातांपैकी चौघी. ओडेट दारातच स्टुलावर बसली. तिने फक्त वही काढली आणि विचारलं, "आज या घडीला कोणाचा नवरा शिडीवर, बोटीवर किंवा गाडीवर आहे?"

उर्सिला उठली. बर्ट्रंड पहाटे एकटाच समुद्रात गेला होता, आणि हल्ली दुपारी बोटीतच त्याला डुलकी लागते, असं ती कौतुकाने सांगायची. आम्ही दोघी धक्क्यावर पळालो. मी सहासष्ट, ती एकाहत्तर. अकरा वाजता त्याची बोट दिसली, सरळ येत होती. उर्सिलाने त्याला धक्क्यावरच इतक्या शिव्या दिल्या की तो बिचारा मासे तिथेच ठेवून घरी गेला.

संध्याकाळी झेफ्रिन पायरीवर बसला होता. त्याला सांगितलं की मी दवाखान्यात सगळं बोलले.

"म्हणजे आता गावात खोटारडा मी ठरलो," तो म्हणाला.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच कपात. पंचेचाळीस वर्षं तुझ्या हातचा कोको पितोय. जायफळाने काय काय झाकणार?"

"मग प्यालास का?"

"नाकातून रक्त आल्यापासून तू रात्रभर उठून बसायचीस. माझ्या नाकापुढे हात धरायचीस, श्वास चालू आहे का बघायला. तुला वाटायचं मी झोपलोय. ती पानं सुरू केलीस तशी तू घोरायला लागलीस. मला वाटलं, एका कपाने ही झोपत असेल तर प्यायला काय हरकत आहे."

"मेला असतास!"

"ते मला कुठे ठाऊक होतं? मला वाटलं, तू म्हणतेस तसं वय झालं."

मला त्याचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त. मी म्हटलं, "यापुढे माझी झोप सांभाळायची नाही. मला घाबरू दे."

तो हो म्हणाला. मग कठड्याला धरून उठला, थोडा थांबला, आणि एकटाच खाली समुद्राकडे, तिथे नांगरलेली बोट बघायला गेला. उतार आहे, दगड आहेत. मला फार भीती वाटत होती. मी पायरीवर बसून राहिले आणि काही केलं नाही.